आपल्या पिंपळाची वंशावळ

या स्मरणिकेसाठी आम्ही, इतिहासाचे शिक्षक या नात्याने, संस्थेची वाटचाल लिहून द्यावी अशी संपादक मंडळाची अपेक्षा होती. ती वाटचाल याच अंकात इतरांनी आमच्यापेक्षा चांगली लिहिली आहे. आम्ही लिहिणार आहोत ते विद्यालयाच्या प्रांगणातील पिंपळाविषयी आणि त्या निमित्ताने वनस्पतींच्या प्रजननाविषयी. इतिहासाच्या माणसाने दहावीच्या विज्ञानातल्या पाठावर लेख लिहावा हे काहींना चमत्कारिक वाटेल. पण तसे कारण घडले आहे.

पिंपळाभोवती नवा पार बांधण्याचे ठरले असून काही माजी विद्यार्थ्यांनी त्यासाठी आनंदाने वर्गणी दिली आहे. त्या पारावर संगमरवरी पाटी बसवावी आणि तीवर 'बुद्धगयेच्या पवित्र महाबोधी वृक्षाची शाखा' असे कोरावे, अशी सूचना बैठकीत आली आणि टाळ्यांच्या गजरात जवळजवळ मंजूरही झाली. सूचना करणाऱ्यांच्या श्रद्धेविषयी आमच्या मनात शंका नाही. त्यांतले दोघे तर आमचेच विद्यार्थी. तरीही ही पाटी बसू नये असे आमचे स्पष्ट मत आहे. बैठकीत आम्ही ते मांडू शकलो नाही, कारण त्याला पाच मिनिटे पुरणारी नव्हती.

आधी वस्तुस्थिती सांगू. हे झाड बुद्धगयेहून आलेले नाही आणि दीक्षाभूमीवरूनही आलेले नाही. दीक्षाभूमीवरील बोधिवृक्षाचा इतिहास ज्ञात आहे : भदन्त आनंद कौसल्यायन यांनी श्रीलंकेतील अनुराधपूरहून आणलेल्या शाखांपासून तो वाढला. आपला पिंपळ जुन्या स्वयंपाकघरामागच्या पाण्याच्या हौदाच्या भिंतीत आपोआप उगवला. कुणा मैनेने किंवा कावळ्याने टाकलेल्या विष्ठेतून त्याचे बी विटांच्या सांध्यात पडले असणार. स्वयंपाकाच्या मावशी 'हा भिंत फोडील' म्हणून तो उपटून टाकणार होत्या. तेव्हाच्या नववीतल्या चार मुलांनी मावशींना विनवले, आषाढातल्या एका दुपारी पहारीने विटा सैल केल्या आणि रोप मुळासकट सोडवून प्रांगणात लावले. पहार धरणाऱ्यांत आम्हीही होतो. नोकरीवर रुजू होऊन आम्हाला वर्षही झाले नव्हते. अर्धे मूळ भिंतीतच राहिले, म्हणून रोप जगेल असे कुणाला वाटत नव्हते. आज त्याच्या सावलीत संपूर्ण विद्यालय त्रिसरण-पंचशील ग्रहण करते.

आता शाखा आणि बी यांतला फरक पाहू, कारण सारा प्रश्न त्यातच आहे.

दहावीच्या 'विज्ञान आणि तंत्रज्ञान' पुस्तकात 'सजीवांतील जीवनप्रक्रिया' हा पाठ दोन भागांत येतो आणि दुसऱ्या भागात अलैंगिक व लैंगिक प्रजनन शिकवले जाते. बहुतेक शाळांत या पाठाचे जे होते ते वाचकांना ठाऊक आहे. मुले खाली मान घालून हसतात, शिक्षक घाईघाईने आकृती काढतात आणि उरलेले 'घरी वाचा' म्हणून सांगतात. आपली मुले वसतिगृहात राहतात, घर कुठले? त्यामुळे हा पाठ रात्रीच्या अभ्यासिकेत येतो आणि पर्यवेक्षणावर असलेल्या इतिहासाच्या शिक्षकाच्या पदरात पडतो. दोन वर्षांपूर्वी तो असाच आमच्या पदरात पडला. आम्ही पुस्तकातली व्याख्या वाचून दाखवली : फूल, फळ, बी यांच्याशिवाय मूळ, खोड, पान या अवयवांपासून नवे रोप तयार होणे म्हणजे शाकीय प्रजनन. मुलांच्या चेहऱ्यावर काही उमटले नाही. मग मागच्या बाकावरचा एक मुलगा म्हणाला, "सर, म्हणजे बेणं."

त्या मुलाचे आईवडील दरवर्षी दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्यावर जातात. मुकादमाची उचल, खोपीतले दिवस आणि मागे वसतिगृहात ठेवलेली मुले ही आपल्या विद्यालयाच्या पटावरील किती घरांची कथा आहे, हे येथील पालकांना आम्ही सांगायला नको. त्या मुलाने फळ्याजवळ येऊन उसाची टिपरी काढली. कांडीवर डोळा कुठे असतो, दोन डोळ्यांची टिपरी कशी तोडायची, ती सरीत कशी दाबायची, डोळा वर राहिला तर काय होते, हे त्याने खडूने दाखवले. तोडणी झाली की जमिनीतल्या बुडख्यातून पुन्हा फुटवे येतात, तो खोडवा. त्याच्या पुढच्या वर्षीचा निडवा. "एकच ऊस सर, तोच पुन्हा पुन्हा," असे तो म्हणाला. अलैंगिक प्रजननाची याहून चांगली व्याख्या आम्ही वाचलेली नाही. डोळ्यातून फुटलेले रोप हे त्या उसाचे अपत्य नसते, तो ऊसच असतो. वसमतकडची हळद गड्ड्यापासून, अर्धापूरची केळी मुनव्यापासून आणि कुंडीतली पानफुटी पानाच्या कडेपासून याच रीतीने वाढते. यात दुसरा पालक नसल्यामुळे नवे काही मिसळत नाही. गोडी तीच राहते आणि रोगही तोच राहतो. म्हणून तर तेच ते बेणे वर्षानुवर्षे लावले की ऊस खालावतो आणि जाणता शेतकरी बेणे बदलतो.

पण मग पहिला ऊस कुठून आला? जायकवाडीच्या डाव्या कालव्याचे पाणी आल्यापासून पाथरी-मानवत भागात ऊस वाढला. त्यातला फार मोठा भाग 'को ८६०३२' या वाणाचा आहे. त्यातील 'को' म्हणजे कोईमतूर. तिथे १९१२ साली ऊस पैदास संस्था स्थापन झाली. आपल्याकडे उसाला तुरा आला की शेतकऱ्याचे तोंड उतरते, कारण वाढ थांबते आणि पुढे साखरही घटते. कोईमतूरच्या हवेत मात्र उसाला तुरा चांगला येतो आणि शास्त्रज्ञ त्याचीच वाट पाहत असतात, कारण तुरा म्हणजे उसाचे फूल. जाड, रसाळ उसाचा आणि नदीकाठी वाढणाऱ्या काश नावाच्या रानटी गवताचा तेथे संकर करण्यात आला आणि १९१८ साली 'को २०५' हा वाण बाहेर पडला. उत्तर भारतातील ऊसशेतीचे रूप त्याने पालटले. 'को ८६०३२' चे आईबाप 'को ६२१९८' आणि 'कोसी ६७१' हे होत. म्हणजे आपल्या उसाचे लग्न कोईमतूरला लागले आणि पाथरीत आपण त्याच्या नकला लावतो. एकदा मिसळायचे आणि मग ते मिश्रण जसेच्या तसे जपायचे, असे हे दुहेरी काम आहे.

याच संस्थेत १९३० च्या दशकात जानकी अम्माळ यांनी उसाचे मक्यासारख्या दूरच्या गवतांशी संकर घडवून आणले. त्यांचा जन्म १८९७ साली केरळात, थिय्या समाजात झाला. सवर्णांच्या दृष्टीने हा समाज अस्पृश्यवत होता. स्त्री म्हणून आणि जातीमुळेही संस्थेत त्यांची वाट सुकर नव्हती. पुढे त्या इंग्लंडला गेल्या आणि १९४५ मध्ये डार्लिंग्टन यांच्यासह लागवडीच्या वनस्पतींच्या गुणसूत्रांचा कोश प्रसिद्ध केला. १९७७ साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्या मुलींनी हे नाव लक्षात ठेवावे. पाठ्यपुस्तकात आम्हाला ते कधी ठळकपणे दिसले नाही, म्हणून येथे वाट वाकडी करून लिहिले.

आता फुलाकडे वळू. त्याच अभ्यासिकेत पुढच्या पानावर पुमंग, जायांग, परागकोश, कुक्षी असे शब्द आले आणि वर्ग पुन्हा गप्प झाला. या वेळी एक मुलगी बोलली. तिची आई हंगामात जालना-देऊळगाव राजाकडे बीजोत्पादनाच्या शेतात कापसाच्या 'क्रॉसिंग'च्या कामाला जाते. उद्या उमलणारी कळी आज दुपारनंतर हेरायची. नखाने तिच्या पाकळ्या आणि पुंकेसराची नळी हलक्या हाताने काढून टाकायची, पण मधल्या कुक्षीला धक्का लागू द्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नर ओळीतले फूल आणून त्याचे पराग त्या कुक्षीवर फिरवायचे आणि ओळखीसाठी दोरा बांधायचा. मुलीने हे सांगितले तेव्हा कुणी हसले नाही. एका बोंडामागे किती बारीक काम असते! ते करणाऱ्या बाईला रोज मिळतो. बियाण्याच्या पाकिटावर तिचे नाव नसते. ही मजूर बाई पुस्तकातील 'परपरागण' हा शब्द कधी वाचणार नाही, पण ते तिच्याइतके कुणाला समजले आहे, असे आम्हाला वाटत नाही.

पराग कुक्षीवर पडला की त्यातून एक नलिका निघते, कुक्षीवृंतातून खाली उतरते आणि बीजांडापर्यंत पोचते. तिच्यातून दोन नरयुग्मके जातात. एक अंडपेशीशी एकरूप होऊन भ्रूण तयार होतो. दुसरे मधल्या दोन केंद्रकांशी मिळते आणि भ्रूणाचे अन्न, म्हणजे भ्रूणपोष, तयार होतो. हे द्विफलन नावाशिन या शास्त्रज्ञाने १८९८ साली दाखवून दिले. ज्वारीचे उदाहरण घ्या. ज्वारीच्या पेशीत २० गुणसूत्रे असतात. भ्रूणाला १० परागाकडून आणि १० अंडपेशीकडून मिळतात, म्हणजे बरोबर अर्धी-अर्धी. भ्रूणपोषात मात्र आईचे दोन वाटे आणि बापाचा एक. आपण खातो त्या भाकरीचे पीठ बहुतांशी या भ्रूणपोषाचेच असते. भाकरीत आईचा वाटा दुप्पट आहे, हे ऐकून मुली खूश झाल्या आणि मुलांनी तक्रार केली नाही.

येथे आमच्यातील इतिहासाचा विद्यार्थी जागा होतो. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात स्त्री म्हणजे क्षेत्र आणि पुरुष म्हणजे बीज, अशी मांडणी आहे. बीज श्रेष्ठ की क्षेत्र असा वाद मांडून बीजालाच श्रेष्ठत्व दिलेले आहे. शेतात जे पेराल ते उगवेल, माती आपले गुण पिकाला देत नाही, असा त्यामागचा युक्तिवाद. पुढे पीक कुणाचे, तर क्षेत्राच्या मालकाचे, हेही तेथेच सांगितले आहे. म्हणजे स्त्रीला गुणांत वाटा नाही आणि मालकीतही नाही. शेतीचा दृष्टान्त घेऊन उभारलेला हा सिद्धान्त शेतीतच खोटा ठरतो. शेतकरी पेरतो ते बी नर नसते. ते आधीच दोघांचे अपत्य असते. अर्धे परागाचे, अर्धे बीजांडाचे. माती ही त्याची आई नव्हे, फार तर दाई. आई होती ती फुलात, आणि तिचा अर्धा वाटा बियाच्या पोटात केव्हाच जमा झालेला असतो. युरोपातही ही गोष्ट ध्यानात यायला १६९४ साल उजाडावे लागले. त्या वर्षी ट्युबिंगेन येथील कॅमेरारियस याने एरंडाची नरफुले काढून टाकली किंवा मक्याच्या कुक्षी कापल्या तर बी धरत नाही, हे प्रयोगाने जाहीर केले. मनुस्मृतीकारांना हे ठाऊक नव्हते, हा काही त्यांचा गुन्हा नव्हे. पण जे ठाऊक नव्हते त्याच्या जोरावर कोट्यवधी माणसांचे जिणे ठरवले, हा गुन्हाच होय. त्याच ग्रंथाचा दहावा अध्याय चांडाळाची उत्पत्ती शूद्र पिता आणि ब्राह्मण माता यांच्या 'संकरा'तून सांगतो. २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला जे जाळले गेले त्यात ही दोन्ही प्रकरणे होती.

'संकर' या शब्दाचा प्रवास पाहावा. स्मृतिकारांच्या लेखी वर्णसंकर म्हणजे अनर्थ. आज पाथरीच्या कृषी सेवा केंद्रासमोर जूनच्या पहिल्या आठवड्यात जी रांग लागते ती कशासाठी? संकरित बियाण्यासाठी! ज्वारीचा पहिला संकरित वाण 'सीएसएच-१' १९६४ साली आला. कापसाचा 'संकर-४' १९७० साली सुरतेला चंद्रकांत पटेल यांनी तयार केला आणि व्यापारी लागवडीचा तो जगातील पहिला संकरित कापूस ठरला. मग नांदेडच्या संशोधन केंद्राचा 'नांदेड-४४' आपल्या भागात घरोघरी पोचला. ज्या शब्दाने एकेकाळी माणसे गावकुसाबाहेर गेली, तोच शब्द पाकिटावर छापून दुप्पट भावाने विकला जातो आणि सोवळ्याओवळ्याचे कट्टर पालनकर्तेही तो निमूट विकत घेतात.

येथे सावध राहणे भाग आहे. नाहीतर आम्हीही मनूच्याच वाटेने जाऊ. संकरित पीक जोमदार येते, म्हणून आंतरजातीय विवाहाची संततीही श्रेष्ठ, असा युक्तिवाद काही उत्साही वक्ते करतात. आम्हाला तो मान्य नाही. एक तर संकरित बियाण्याची दुसरी पिढी फुटते. घरचे बी पेरले की एक झाड उंच, एक खुजे. म्हणून शेतकरी दरसाल दुकानदाराच्या दारात उभा असतो. उलट परभणीच्या कृषी विद्यापीठाने निवडलेले देशी कापसाचे सरळ वाण घरी राखून पेरता येतात. संकर हा काही सर्वत्र सद्गुण नव्हे. दुसरे आणि महत्त्वाचे म्हणजे माणसाची योग्यता बियावरून ठरवायचीच नाही, हा तर आपला मूळ मुद्दा. बाबासाहेबांनी १९३६ च्या 'अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट'मध्ये जातीचे वंशशास्त्रीय समर्थन खोडताना बेटसन यांच्या मेंडेलच्या सिद्धान्तावरील ग्रंथाचा आधार घेतला आहे. वरच्या प्रतीचे बौद्धिक गुण एखाद्या ठरावीक रेषेने पिढ्यान्‌पिढ्या उतरत नाहीत, हे त्यांनी त्यातून दाखवले. त्याआधी वीस वर्षे, ९ मे १९१६ रोजी, कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या निबंधात त्यांनी जातीचे मर्म एकाच गोष्टीत सांगितले होते : स्वजातीतच विवाह. बेटीबंदी मोडायची ती पिढी धष्टपुष्ट व्हावी म्हणून नव्हे. ती मोडायची, कारण ती माणसाला माणसापासून तोडते.

तथागतांचा मार्गही हाच होता. मज्झिमनिकायातील अस्सलायन सुत्तात ते विचारतात, घोडी आणि गाढव यांचे अपत्य खेचर होते, तिथे फरक दिसतो. पण क्षत्रिय आणि ब्राह्मण यांच्या अपत्यात असा कोणता फरक दिसतो? वासेट्ठ सुत्तात तर आरंभच गवतापासून आणि झाडांपासून आहे : त्यांच्यात जातीजातींची वेगळी लक्षणे दिसतात, कीटकांत दिसतात, पक्ष्यांत दिसतात, माणसांत मात्र दिसत नाहीत. वनस्पती ही माणसासाठी उदाहरण म्हणून नव्हे, तर माणूस तिच्यापेक्षा वेगळा आहे हे दाखवण्यासाठी तिथे आणलेली आहे. अस्सलायन सुत्तातच असित देवलाची कथा येते. आपल्या जन्माचा अभिमान बाळगणाऱ्या सात ब्राह्मण ऋषींना तो विचारतो, तुमची आई, तिची आई, अशा सात पिढ्यांतील स्त्रिया केवळ ब्राह्मणांकडेच गेल्या होत्या, हे तुम्हांस ठाऊक आहे काय? ऋषी निरुत्तर होतात.

हा प्रश्न पाथरीच्या मातीत विचारावा असाच आहे. अहमदनगरच्या निजामशाहीचे मूळ पाथरीच्या कुलकर्णी घराण्यात होते, असे फेरिश्ता सांगतो. बुऱ्हाण निजामशहाने १५१८ साली वऱ्हाडच्या इमादशाहीकडून पाथरी जिंकून घेतली ती या वडिलोपार्जित वतनाच्या ओढीने. कुलकर्ण्यांच्या वंशातला सुलतान! ज्यांना शुद्ध वंशावळी हव्या असतील त्यांनी पाथरीच्या आसपास शोधू नयेत, असे आम्ही वर्गात गमतीने म्हणतो.

आता पुन्हा पिंपळाकडे येऊ. पिंपळाला फूल कुणी पाहिले आहे? 'उंबराचे फूल' हा वाक्प्रचार आपल्याकडे दुर्मीळ माणसासाठी वापरतात आणि सुत्तनिपातातही उंबरात फूल शोधणाऱ्याचा दाखला येतो. उंबर, वड, पिंपळ यांची फुले फळाच्या आत असतात. आपण जे पिंपळाचे फळ म्हणतो ती आतून पोकळ गाठ असून तिच्या आतल्या बाजूला बारीक फुलांची दाटी असते. तिच्या टोकाच्या छिद्रातून गांधीलमाशीच्या कुळातली चिलटाएवढी मादी आत शिरते. शिरताना बहुधा तिचे पंख मोडतात. ती काही फुलांत अंडी घालते, अंगावर आणलेला पराग इतर फुलांना लागतो आणि ती तिथेच मरते. पुढच्या पिढीचे बिनपंखी नर आतच जन्मून, बाहेर जाणारी वाट कोरून मरतात. माद्या पराग घेऊन उडतात. त्यांचे आयुष्य एक-दोन दिवसांचे. एका झाडावरची फळे बहुधा एकाच अवस्थेत असल्यामुळे त्यांना दुसरा पिंपळ शोधावा लागतो, आणि वाऱ्यावर त्या कित्येक किलोमीटर जातात. म्हणजे पिंपळाच्या प्रत्येक बीला दोन पालक असतात आणि दुसरा पालक कोणता, हे त्या माशीखेरीज कुणालाच ठाऊक नसते.

शाखेचा इतिहास तेजस्वी आहे, यात वाद नाही. इसवी सनपूर्व तिसऱ्या शतकात सम्राट अशोकाची कन्या थेरी संघमित्ता बोधिवृक्षाची दक्षिणेकडील शाखा घेऊन लंकेला गेली. अनुराधपूरचा तो वृक्ष आजही उभा आहे. शाकीय प्रजननाच्या नियमाने तो बोधिवृक्षाचे अपत्य नव्हे, खुद्द बोधिवृक्षच आहे. परंतु हे सांगणारा महावंस हा ग्रंथ पुढे आणखी एक गोष्ट सांगतो, तिच्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. त्या वृक्षाच्या फळांतून रोपे उगवली, आधी आठ आणि मग बत्तीस, आणि ती लंकाभर लावली गेली. तिकडच्या उपासकांनी त्या बीजापासून झालेल्या वृक्षांना कमी लेखले नाही.

आणि खुद्द बुद्धगया? तेथील वृक्षावर किती आघात झाले! सातव्या शतकाच्या आरंभी शशांकाने तो तोडल्याचे ह्युएनत्संग नोंदवतो. १८७६ साली उरलेला जीर्ण वृक्ष वादळात कोसळला. कनिंगहॅमने लिहून ठेवले आहे की त्याचे बी पुष्कळ गोळा करून ठेवलेले होते आणि त्याची रोपेही तयार होती. ती रोपे बीपासून झालेली असतील, तर आज ज्याच्यापुढे आपण नतमस्तक होतो त्या महाबोधी वृक्षाचा एक पालक हा आसपासच्या शिवारातला कुठला तरी अनामिक पिंपळ ठरतो. कुणाच्या बांधावरचा, कुणाच्या पडक्या भिंतीतला! आम्हाला हे कळले तेव्हा आमची श्रद्धा तसूभरही कमी झाली नाही. तथागतांनी त्या झाडाखाली बसण्यापूर्वी तेही असेच एक झाड होते.

मग आपल्या पिंपळाला उसनी वंशावळ कशाला? खोटी पाटी लावणे हे मुसावादापासून विरतीच्या शीलात बसत नाही, हा एक भाग झाला. रोज त्याच झाडाखाली मुलांकडून आपण ते शील म्हणवून घेतो. आमची खरी खंत मात्र वेगळी आहे. पाटीमागची जी भूक आहे ती आम्ही अन्यत्रही पाहतो. १४ ऑक्टोबर १९५६ ला इतकी वर्षे लोटली, तरी उपवर मुलामुलींच्या परिचयपत्रिका हाती आल्या की काही घरांतून हळूच विचारले जाते : सोमवंशी की लाडवण? बावणे की आंधवण? 'आमचं काही नाही, पण नातेवाईक विचारतात.' ज्यांच्या पूर्वजांना बीजावरून बाहेर ठेवले, त्यांनीच बीज विचारावे! गतवर्षी आमच्या एका माजी विद्यार्थिनीचे ठरत आलेले लग्न याच प्रश्नावर मोडले. दोन्ही घरे बौद्ध, दोन्ही घरांत बाबासाहेबांची तसबीर. ती मुलगी आम्हाला भेटायला आली तेव्हा पिंपळाखालीच बसली होती. तिला सांगण्यासारखे आमच्याजवळ काही नव्हते. ज्या शाळेत ती शिकली, त्या शाळेनेच आपल्या झाडावर कुळाची पाटी लावली, तर पुन्हा भेटायला आल्यावर ती काय म्हणेल?

म्हणून विश्वस्त मंडळाकडे आणि वर्गणी देणाऱ्या माजी विद्यार्थ्यांकडे आमची विनंती आहे की पार जरूर बांधावा. पाटी हवीच असेल तर 'हौदाच्या भिंतीत उगवला, विद्यार्थ्यांनी लावला' एवढे लिहावे. त्या चार मुलांपैकी दोघे या सोहळ्याला येणार आहेत. पाटीचे अनावरण त्यांच्या हस्ते करावे आणि मावशी हयात आहेत, त्यांनाही पुढे बसवावे. बांधकाम करणाऱ्यांना एवढे सांगावे की सिमेंट खोडापासून चार हात दूर ठेवा, मुळांना पाणी जायला जागा राहू द्या. दहावीचा तो पाठ यंदा सप्टेंबरात, पिंपळाखाली, उसाच्या दोन डोळ्यांच्या टिपऱ्या आणि कापसाची फुले हाती घेऊन शिकवण्याचे विज्ञानाच्या बाईंनी मान्य केले आहे. क्रॉसिंगच्या कामाला जाणाऱ्या मातेला त्या दिवशी बोलवावे, आणि तिचा बुडालेला रोज संस्थेने द्यावा.

हौदाच्या त्याच भिंतीत यंदा पुन्हा पिंपळाची पाच रोपे उगवली आहेत. मुलांनी ती सोडवून मातीच्या पिशव्यांत लावली आहेत. ज्या माजी विद्यार्थ्यांना आपल्या गावच्या विहारासाठी रोप हवे असेल त्यांनी वसतिगृहाच्या कार्यालयात नाव नोंदवावे. पिंपळाची मुळे दूरवर जातात, तेव्हा घरापासून आणि विहिरीपासून लांबची जागा आधी पाहून ठेवावी.